रायफलीवर छोटी बॅटरी बसवायची, तर माउंट कोणता घ्यावा?

पाटण तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे इशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आहे, परवाना रीतसर. डोंगराकडेच्या रानात भुईमूग असतो, त्यात रात्री डुकरं शिरतात. जवळ एका सेलची, अंगठ्यापेक्षा जराशी जाड बॅटरी आहे, ती रायफलीवर बसवायचीय. ऑनलाइन माउंट मागवला, तो निघाला खाचांच्या पट्टीवर बसणारा, आणि रायफलीवर पट्टीच नाही. दुसरा कुठला माउंट मिळेल, की होज क्लिपा आवळून भागेल?

राम राम हवालदार साहेब. मी फौजेत आर्मरर होतो. घरी आल्यापासून साताऱ्यात एका परवानाधारक दुकानात हत्यारं दुरुस्त करतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन महिन्याला एखादा तरी माणूस येतो, आणि दर वेळी पिशवीतून आधी बॅटरी बाहेर निघते. माप मात्र कुणी आणलेलं नसतं. माउंट बॅटरी बघून घेत नाहीत आणि रायफलीचं नाव सांगूनही घेत नाहीत. दोन जाड्या लागतात: बॅटरीच्या अंगाची, आणि जिथं बसवायचं तिथल्या नळीची किंवा लाकडाची. त्या हातात असतील तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे माउंट बसवायचा कुठं, आणि चुका तिथंच होतात.

आधी तुमच्याकडे आलेल्या माउंटाबद्दल. ती खाचांची पट्टी म्हणजे पिकाटिनी रेल. अमेरिकेच्या सैन्यानं १९९५ साली तिचं माप कायम केलं: रुंदी २१.२ मिलिमीटर, खाच ५.२३ मिलिमीटरची, आणि एका खाचेपासून दुसरी बरोबर १०.०१ मिलिमीटरवर. तिच्या आधीची वीव्हर पट्टी दिसायला तशीच, पण खाच ४.५७ मिलिमीटरची. त्यामुळं वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, उलटं करायला गेलं तर आडवा खिळा खाचेत उतरत नाही. एअर रायफलीवर आणि पुष्कळशा पॉइंट टू टू रायफलींवर वरच्या अंगाला ११ मिलिमीटरच्या दोन चिरा असतात, त्याला डव्हटेल म्हणतात. त्याचे माउंट वेगळे. तुमच्या रायफलीला यातलं काहीच नाही, म्हणून आलेला माउंट टाकाऊ ठरत नाही. जपून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता बॅटरी. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, मीही तसंच म्हणतो. आत घालायचा तो सेल.) साधा पेन्सिल सेल १४.५ मिलिमीटर जाडीचा, त्यामुळं त्या बॅटरीचं अंग साधारण १८ ते २२ मिलिमीटर भरतं. चार्जिंगचा १८६५० नावाचा सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्या बॅटरीचं अंग बहुतेक एक इंचाचं, २५.४ मिलिमीटर. आणि एक इंच हेच दुर्बिणीच्या नळीचंही जुनं माप. म्हणून अशी बॅटरी धरायला खास माउंट शोधत बसू नका, एक इंची स्कोप रिंग, म्हणजे दुर्बीण धरायची कडी, घ्या. एअर रायफलीचं सामान विकणाऱ्या कुणाकडेही मिळते. दोन तुकड्यांची, चार स्क्रूवाली, खाली खाचांच्या पट्टीवर बसणारी घ्या, वर चिमटा असलेली नको. तुमची बॅटरी त्याहून बारीक आहे, तर मधे बुश, म्हणजे जागा भरून काढणारी पोकळ नळी, लागेल. एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरकडून डेलरिनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, बुश करून घ्या: बाहेरून २५.४, आतून बॅटरीच्या मापाचा, आणि लांबीला एक उभी चीर, म्हणजे आवळताना दाबला जाईल. टर्नरकडे माप न्या. रायफल नेऊ नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण एक गृहस्थ बारा बोअर गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून लेथवर घेऊन गेले होते.

रिंग झाली. ती रायफलीवर कुठं धरायची, हा खरा प्रश्न.

सगळ्यांच्या मनात पहिली जागा येते ती नळी. बाजारात आठाच्या आकड्यासारखा माउंट मिळतो, एका भोकात नळी, दुसऱ्यात बॅटरी. दिसायला सुटसुटीत. एअर रायफलीवर मीही बसवून देतो. ३१५ वर मात्र दोन अडचणी आहेत.

पहिली अशी, की नळी पुढं निमुळती होत जाते. बार निघाला की रायफल मागं येते, बॅटरी मात्र आपल्या वजनानं जागीच राहू बघते, म्हणजे नळीच्या हिशेबानं पुढं सरकते. पुढं नळी बारीक. दर बाराला माउंट केसभर पुढं जातो, आणि जितका पुढं तितका सैल. स्क्रू कितीही आवळला तरी हे चालूच राहतं, कारण पकड दोन सेंटिमीटर रुंदीची असली तरी निमुळत्या नळीवर ती एकाच कडेवर टेकलेली असते. नळीवरच बसवायचं असेल तर माउंट अरुंद घ्या, आणि पुढं अडायला काहीतरी असेल अशी जागा बघा. माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेच्या, बैठकीला मागून टेकवला तर सरकायला जागा उरत नाही.

पण मग दुसरी अडचण उभी राहते. गोळी नळीतून जाते तेव्हा नळी थरथरते, आणि गोळी कुठं लागणार हे त्या थरथरण्यावरही ठरतं. नळीच्या टोकाला शंभर-दीडशे ग्रॅम लटकवले की थरथरणं बदलतं आणि झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचं जुळवलेलं गणित, हलतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. त्या दर्जाचे नेमबाज नळीवरचं वजन मुद्दाम थोडं मागं-पुढं करून गोळ्या एकत्र आणतात. त्यांना जे उपयोगी पडतं, तेच आपण नकळत बिघडवून बसतो. एका पॉइंट टू टू वर मी स्वतः बघितलंय: नळीवर बॅटरी बसवली आणि ५० मीटरवर गोळ्या दोन बोटं खाली उतरल्या, काढली की परत जागेवर. डुकराला दोन बोटांनी फरक पडत नाही असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण तुमच्या रायफलीवर तो फरक दोन बोटांचा निघेल की वीतभर, हे आधी कुणाला सांगता येणार?

म्हणून माझी पहिली पसंती दस्त्याच्या पुढच्या लाकडाला, म्हणजे फोरएंडला. पट्ट्याची पुढची कडी कशी आहे ते बघा. ती भोक असलेल्या छोट्या खुंटीवर बसवलेली असेल, तर त्या खुंटीवर आवळायचा पिकाटिनीचा तुकडा तयार मिळतो. तोच, ज्यावर लोक बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, लावतात. लाकडाला भोक नाही, नळीला हात नाही, आणि तुम्ही जपून ठेवलेला माउंट त्यावर बसतो. काम झाल्यावर सगळं काढून रायफल होती तशी. खुंटी नसेल तर लाकडाच्या डाव्या अंगाला चार-पाच खाचांची छोटी पट्टी आतून नटबोल्ट घालून बसवता येते. त्यासाठी नळी दस्त्यातून उतरवावी लागते, आणि बोल्टाचं डोकं नळीला आतून टेकलं तर झीरो हलायचा तो हलतोच. हे घरी करू नका. हत्यार दुरुस्तीला शस्त्र कायद्यात परवाना लागतो, गल्लीतल्या फिटरकडे तो नसतो. नळीला किंवा रिसीव्हरला (नळी ज्यात बसते त्या भागाला) ड्रिल, वेल्डिंग, ब्रेझिंग यातलं काही कुणी सुचवलं, तर रायफल उचलून घरी या.

होज क्लिपांचं विचारलंय तुम्ही, तर माझी फजिती ऐका. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी स्वतःच्या बारा बोअरवर बॅटरी बांधली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नळीवर गुंडाळला, वरून दोन क्लिपा. घट्ट बसली, हललीच नाही, मला माझंच कौतुक वाटलं. गणपती उठल्यावर सोडली, तर रबराखाली नळीवर तांबडी बांगडी. रबर पाणी धरून ठेवतं, आणि तिथं तेलाचा फडका पोचत नाही. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, गेलं, खाली खड्डे पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना हत्यार साफ ठेवायला शिकवलेला माणूस मी. कोयनेजवळ नवजाकडच्या पावसात तर आठवडाही लागणार नाही. रबर लावायचंच असेल तर प्रत्येक वेळी घरी आल्यावर सोडून, पुसून, तेल लावून ठेवायचं. सायकलच्या हँडलची प्लॅस्टिक क्लिप, केबल टाय आणि लोहचुंबकाचे माउंट यांचा विचार ३१५ साठी करूच नका. पहिल्या बाराला बॅटरी भुईमुगात शोधावी लागेल.

(वाचणाऱ्यांत कुणाची दुनळी बारा बोअर असेल तर एवढंच: दोन्ही नळ्यांना मिळून पकडणारा क्लॅम्प जोरात आवळू नका. नळ्यांमधली पट्टी झाळलेली असते, ती सुटली की खर्चात पडाल.)

कुठल्या बाजूला? माशीवरून नेम धरता, म्हणजे वरची बाजू बाद. खाली लावली तर मातीच्या पोत्यावर रायफल टेकवता येत नाही (खुंटीवरच्या तुकड्यावर लावलीत तर ही अडचण सोसावी लागेल). उजवीकडे बोल्टाचा हात चालतो. तुम्ही उजव्या खांद्यावरून मारत असाल तर डावीकडे, घड्याळात दहा वाजतात त्या जागी. डाव्या हाताचा अंगठा पकड न सोडता बटणापर्यंत गेला पाहिजे. आधी टेपनं तात्पुरती चिकटवून, रिकाम्या रायफलीनं खांद्याला लावून-काढून बघा, मग जागा पक्की करा. काच फार मागं राहिली तर नळी उजळून डोळ्यावर येते आणि उजव्या अंगाला नळीची सावली पडते. फार पुढं, तोंडाशी नेली तर दोन-चार बारांत काच काजळते. तोंडापासून वीतभर मागं ठेवून बघा, मग अंधारात एक-दोन इंच मागं-पुढं करा.

बसवताना रायफल रिकामी, बोल्ट काढून बाजूला, नळीतून आरपार उजेड बघितलेला, काडतुसं दुसऱ्या खोलीत. फौजेत हे हजार वेळा केलंय तुम्ही, पण घरी चहा पिता पिता काम करताना माणूस विसरतो. स्क्रू आणि भोकं पेट्रोलनं पुसून तेल काढा, निळं लॉकटाइट एक थेंब. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. ॲलन की लांब बाजूनं धरून ताकद लावू नका. आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढं आवळलं जातं तेवढं ॲल्युमिनियमच्या रिंगला पुरे. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

मग बॅटरीच माउंटापेक्षा जास्त दगा देते. रायफल मागं येते तेव्हा आतला सेल पुढं दाबला जातो आणि शेपटाकडच्या स्प्रिंगपासून क्षणभर सुटतो. स्वस्त बॅटरीत तेवढ्यात वीज तुटते. बॅटरी अनेक मोडची असेल तर ती समजते की तुम्ही बटण दाबलं, आणि पुढच्या मोडमध्ये जाते. एका गिऱ्हाइकाची पहिल्या बाराला लुकलुकायला लागली. पुढं डुक्कर होतं की गेलं, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, डोळ्यांपुढं नुसती लग्नाच्या वरातीची लाइटिंग. म्हणून एकच मोड असलेली, दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली, मागं साधं खटक्याचं बटण असलेली बॅटरी घ्या. तुमच्याकडची तशी नसेल तर माउंटाआधी बॅटरी बदला.

लुमेनचे आकडे बघून भुलू नका. उजेड एकूण किती तो लुमेन, एका दिशेनं किती जोरात जातो तो कँडेला. डब्यावर कँडेला लिहिलेला असेल तर त्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर ही कंपनीची पोच. २५०० कँडेला म्हणजे १०० मीटर. पण त्या टोकाला उजेड राहतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. काहीतरी हललं एवढं कळतं, काय हललं ते कळत नाही. ओळख पटण्यासाठी त्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरा. तुमच्या बांधावर तीस मीटर पुरतं. आणि हिवाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात धुकं उतरलं की जोरदार बॅटरी उलट तुमच्याच डोळ्यांवर येते.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय मी कुणाला माउंट बसवून देत नाही. रायफलीवरच्या बॅटरीनं रान धुंडाळायचं नाही. तिचा उजेड जिथं जातो तिथं नळीचं तोंडही जातं. धुंडाळायला डोक्याला लावायची किंवा हातातली वेगळी बॅटरी ठेवा. रायफलीवरची लावायची ती ओळख पटल्यावर, बोट चापाबाहेर ठेवून.

ओळखीची एक खूण सांगतो. कुत्रा, मांजर, बिबट्या, गवा, गाय-म्हैस यांच्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा थर असतो, त्यामुळं उजेडात डोळे चकाकतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. म्हणजे भुईमुगात दोन डोळे हिरवे-पिवळे चमकले, तर ते बहुधा डुक्कर नाहीच. गवा किंवा बिबट्या असू शकतो, आणि दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि डोळे न चमकता नुसता काळा आकार वाकलेला दिसला, तर? माणसाच्या डोळ्यातही तो थर नसतो. रात्रीची लाइट असली की शेजारचा मोटर चालू करायला येतो, काळी घोंगडी पांघरून फुटव्हॉल्व्हपाशी ओणवा होतो. तुमच्या बॅटरीच्या उजेडात तो आणि डुक्कर यांच्यात फरक दिसेल असं धरून चालू नका. आधी हाक मारा. डुक्कर पळालं तर पळू दे, भुईमूग वाचला.

परवान्याचं तुम्हाला माहीत असेलच, तरी शस्त्राचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, ती हातात असल्याशिवाय बार काढायचा नाही. तुमचं रान कोयना अभयारण्याच्या हद्दीला लागून असेल तर जास्तच जपा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे, बार काढा किंवा काढू नका. चुलतभावाच्या रानात जायला मधली पायवाट अभयारण्यातून जात असेल तर रात्री वळसा घाला.

बसवून झाल्यावर झीरो बघायचा, तोही शेतात नाही, रेंजवर. बॅटरी काढून पाच गोळ्या, बसवून पाच गोळ्या, अंतर तेच, काडतुसं एकाच डब्यातली. दोन्ही झुबके एकमेकांवर पडले तर ठीक. सरकले, पण झुबका घट्ट राहिला, तर साइट जुळवून घ्या, आणि मग बॅटरी कायम रायफलीवरच ठेवा, काढ-घाल नको. झुबकाच फाकला तर माउंट कुठंतरी नळीला अडतोय किंवा सैल आहे. नेलपॉलिशची रेघ बघा.

तर मला दोन मापं कळवा: बॅटरीच्या अंगाची जाडी, आणि पट्ट्याच्या पुढच्या कडीच्या खुंटीची जाडी व भोक. नळीवरच बसवायचा हट्ट असेल तर नळीची जाडी दोन ठिकाणी, तीन सेंटिमीटर अंतरावर. घरी वर्निअर नसेल तर शिवणाचा दोरा नळीभोवती दहा वेढे घट्ट गुंडाळा, सोडून लांबी मोजा, दहानं भागा, मग ३.१४ नं भागा. दहा वेढ्यांचा दोरा ६६ सेंटिमीटर भरला, तर नळी २१ मिलिमीटरची.